आधी जागा, मग सावली, कारंजं सगळ्यात शेवटी

पहाटे पाचला बीडमधून बाहेर पडणारा कुठलाही रस्ता धरा. अंधारात कडेकडेनं पोरं-पोरी पळताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, अशी ही ५० गुणांची मैदानी चाचणी. जवळ मैदान नसतं, असलं तर त्या वेळी फाटकाला कुलूप असतं, म्हणून पळायचं हायवेवर. जानेवारी २०२५ मध्ये घोडका राजुरीजवळ असाच सराव करणारे तीन तरुण एसटी बसच्या धडकेत गेले. अशा वेळी बोललं जातं ते चालकाबद्दल, वेगाबद्दल, मदतीच्या रकमेबद्दल. पोरं त्या वेळी रस्त्यावर का होती, हा प्रश्न नगररचनेचा आहे, आणि तो फारसा कुणी विचारत नाही.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी कित्येक किलोमीटर पळत शाळेला जायचा, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवलं, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पण त्याला ट्रॅक मिळाला तो लष्करात गेल्यावर. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण घेऊन आला, त्याची तालीम पुण्याची. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची केज तालुक्यातली, तीही खेळाडू म्हणून घडली पुण्याकडेच. जिल्ह्यानं या तिघांना चिवटपणा दिला, मैदान दुसऱ्यांनी दिलं.

अर्थात मैदान पदकासाठी नसतं. गुडघे धरलेल्या आजीला सकाळी चालायला, दोन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळी झाडाखाली बसायला, पेठ बीडमधल्या दोन खोल्यांच्या घरातल्या मुलांना धावायला जागा लागते. ती देणं हे नगर परिषदेचं काम आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा, क्रीडांगणं यांची नोंद बाराव्या क्रमांकावर स्पष्ट आहे. बरीच वर्षं प्रशासकाच्या हाती राहिलेल्या नगर परिषदांमध्ये डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर नगरसेवक पुन्हा आले आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कॉलनीत चार लोक गोळा करून काही करू पाहणाऱ्यांसाठी, खेळाच्या शिक्षकांसाठी आणि नवा प्लॉट घेऊ पाहणाऱ्यांसाठीही आहे.

आपल्याकडे बाग म्हटली की आधी कमान उभी राहते. मग कारंजं, मग लॉन, मग लोखंडी व्यायामाची यंत्रं आणि कोनशिला. दोन वर्षांनी कारंज्यात पाला, लॉनचं माळरान आणि यंत्रांना गंज. क्रम उलटा लावला तर हे टळतं. पहिल्यांदा माणसं मोजा, मग जागा ताब्यात घ्या, मग सावली, मग दिवा आणि शौचालय. बांधकाम उरलेल्या पैशात.

माणसं मोजताना

२०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, पुढची २०२७ मध्ये होते आहे. तोपर्यंत शहर केवढं वाढलं याचा अंदाज नगर परिषदेच्या मालमत्ता कराच्या नोंदी, नळजोडण्या, मतदारयादी आणि शाळांचा पट यांवरून काढावा लागेल. हे चारही आकडे प्रभागनिहाय मिळतात, फक्त कुणीतरी एका कागदावर आणायला हवेत.

केंद्राच्या नगरनियोजनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. जुनी, २०११ ची लोकसंख्या घेतली तरी बीडला सुमारे १४७ हेक्टर, म्हणजे ३६० एकरांहून जास्त जागा लागेल. हा आकडा सभेत वाचला की लोक हसतात आणि विषय संपतो. म्हणून त्याच सूचनांतला दुसरा हिशेब हाती घ्या. दर पाच हजार वस्तीमागे अर्ध्या हेक्टरची, म्हणजे सव्वा एकराची एक बाग. बीडला अशा एकोणतीस बागा लागतात. एकोणतीस ही संख्या प्रभागांवर वाटता येते, नकाशावर खुणा करून दाखवता येते, आणि कुठल्या भागात एकही नाही हे एका नजरेत कळतं.

मोजणी करताना लोकांना “तुम्हाला काय हवं?” असं विचारत फिरू नका. उत्तरं ठरलेली असतात, बाग आणि स्विमिंग पूल. त्यापेक्षा लोक आत्ता कुठं जातात ते पाहा. पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते आठ, एक कामाचा दिवस आणि एक रविवार. कोण पळतं, कोण बसतं, कुठल्या पारावर म्हातारी माणसं जमतात, कुठल्या रिकाम्या प्लॉटवर क्रिकेट चालतं. बीडमध्ये ही मोजणी वर्षातून दोनदा करावी लागेल. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कारखाने बंद होईपर्यंत बाहेर असतात. त्यांच्या वस्त्यांमध्ये हिवाळ्यात जे चित्र दिसेल ते एप्रिल-मेमध्ये राहत नाही. आणि मागे राहिलेली मुलं, आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात असलेली, त्यांना संध्याकाळी मैदानाची गरज इतरांपेक्षा जास्तच असते.

जे दिसत नाहीत त्यांचीही नोंद करा. संध्याकाळी सहानंतर मैदानावर किती मुली आहेत? बहुतेक ठिकाणी शून्य लिहावं लागेल. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ८९४ होत्या, २०११ मध्ये ८०७ झाल्या. त्या जनगणनेत मोजलेल्या मुली आज पंधरा ते वीस वर्षांच्या आहेत, भरतीच्या तयारीच्या वयाच्या. जन्माला येण्यासाठीच ज्यांना झगडावं लागलं, त्यांना निदान पळायला सुरक्षित जागा मिळावी, एवढं तरी शहरानं मान्य करावं.

जागा आहे, कागदावर

“शहरात जागाच नाही” हे वाक्य नगर परिषदेत वारंवार ऐकू येतं. जागा असते. ती विकास आराखड्यात असते, मंजूर लेआउटच्या नकाशात असते, शाळेच्या कंपाउंडमध्ये असते, नदीकाठी असते.

विकास आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली तयार होतो. त्यात बाग, क्रीडांगण यांची आरक्षणं क्रमांकासह टाकलेली असतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. या तीस दिवसांत जमीनमालक वकील घेऊन येतात, मैदानावर खेळणाऱ्यांपैकी कुणी येत नाही. नंतर आरक्षण उठलं की आपण मोर्चा काढतो.

त्याहून घातक आहे याच कायद्याचं १२७ वं कलम. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि आरक्षित जमीन घेतली गेली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाच्या दिशेनं पाऊल पडलं नाही तर आरक्षण आपोआप संपतं. यात मालकाची चूक नाही, त्याची जमीन दहा वर्षं अडकून पडलेली असते. पण नोटीस आवक-जावक टेबलावर येते, शिक्का पडतो, फाईल कपाटात जाते आणि दोन वर्षं निघून जातात. कधी खऱ्या दुर्लक्षानं, कधी ठरवून केलेल्या दुर्लक्षानं. म्हणून प्रत्येक नगरसेवकानं आपल्या प्रभागातल्या आरक्षणांचा एक तक्ता करावा: आरक्षण क्रमांक, गट किंवा सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, आराखडा लागू झाल्याची तारीख, १२७ ची नोटीस आली का आणि कधी. ज्या आरक्षणांची मुदत भरत आली आहे ती आधी घ्या, मग ती शहराच्या कुठल्याही टोकाला असोत. पैसे कमी असले तर मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देता येतो. बीडच्या आकाराच्या शहरात त्याला पुण्यासारखं गिऱ्हाईक नसतं, तरी विचारून पाहायला हरकत नाही.

दुसरा खजिना म्हणजे लेआउटमधली ओपन स्पेस. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एकरभराच्या प्लॉटिंगमागे चार गुंठे. आता या चार गुंठ्यांचं काय होतं ते आपल्या कॉलनीत जाऊन पाहा. बहुधा ती नाल्याकाठची, वेड्यावाकड्या कोपऱ्यातली, किंवा विजेच्या तारांखालची जागा असते. पाच वर्षांत तिथं पाण्याची टाकी येते, मग समाजमंदिर, मग देऊळ, आणि उरलेल्या जागेत कुणाच्या तरी बांधकामाची खडी. टाकी लागते, अंगणवाडीही लागते, पण त्यांच्यासाठी वेगळ्या जागा धरायच्या असतात. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर बंगळूरचं एक प्रकरण आलं होतं. बागेसाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती. दवाखाना चांगलं काम असलं तरी बागेची जागा त्यासाठी देता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. ओपन स्पेसवर बांधकामाचा ठराव आला की या निकालाची आठवण लेखी करून द्यावी.

ओपन स्पेस टिकवायची तर कागद आधी हवेत. मंजूर लेआउटची प्रत, अकृषिक आदेश आणि त्या जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा. पुष्कळदा सातबारावर मूळ मालकाचंच नाव राहिलेलं असतं. तो गेला की नातू येतो, आणि “आजोबांची जमीन” म्हणून विक्री होते. नगर परिषदेचं नाव किंवा निदान “ओपन स्पेस” ही नोंद अधिकार अभिलेखात चढवून घेणं हे पहिलं काम. मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी, हद्दीच्या खुणा, तारेचं कुंपण आणि क्षेत्रफळ लिहिलेला फलक. भिंत घालू नका. भिंतीआड काय चाललंय ते शेजाऱ्यांना दिसत नाही, आणि ज्या जागेवर कुणाचं लक्ष नाही ती जागा पत्त्यांचे अड्डे लवकर शोधतात.

प्लॉट घेणाऱ्यांना एक सांगणं. इसार देण्याआधी मंजूर नकाशावरची ओपन स्पेस शोधा आणि स्वतः तिथं जाऊन उभे राहा. “सुधारित लेआउट” असा शब्द आला तर जुना नकाशाही मागा. दोन्हींत मोकळी जागा कुठून कुठं सरकली, केवढी आकसली, हे कळेल. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली, स्टेशनच्या बाजूनं प्लॉटिंग वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको. तिथल्या मोकळ्या जागा आत्ताच धरल्या तर सलग आणि रस्त्यालगतच्या मिळतील. माजलगाव, गेवराई, केज इथं तर हे काम अजून सोपं आहे, कारण जमिनीचे भाव बीडइतके चढलेले नाहीत.

गुंठेवारीच्या वस्त्यांत मात्र हे काहीच लागू पडत नाही. तिथं मंजूर लेआउटच नव्हता, त्यामुळं दहा टक्केही नव्हते. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि त्यात २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती यांमुळं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं नियमित होऊ शकतात, पण मैदान नियमित करायला ते मुळात असावं लागतं. अशा ठिकाणी ॲमस्टरडॅमचं उदाहरण कामाचं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं मुलांना खेळायला जागा नव्हती. १९४७ पासून आल्डो व्हान आइक या वास्तुकारानं पालिकेसाठी काम करताना उरलेसुरले कोपरे, पडक्या घरांच्या मोकळ्या जागा घेतल्या. वाळूचा हौद, उड्या मारायचे ठोकळे, लोंबकळायचे साधे दांडे, बसायला बाक, बहुतेक ठिकाणी कुंपणही नाही. तीस वर्षांत अशी सातशेहून जास्त क्रीडास्थळं झाली. आपल्याकडे रस्त्याचा रुंद कोपरा, पाराभोवतीची जागा, मशिदीसमोरचा किंवा देवळासमोरचा चौक यांतून हे होऊ शकतं. संध्याकाळी दोन तास वाहनं बंद ठेवली तर गल्लीचंही मैदान होतं. याला पैसे लागत नाहीत, मोटारसायकलवाल्यांशी भांडायची तयारी लागते.

शाळांची मैदानं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळ्यात दुर्लक्षित. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला क्रीडांगण सक्तीचं केलं आहे. सकाळी सातच्या आधी आणि संध्याकाळी साडेपाचनंतर ते रिकामं असतं. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांशी नगर परिषदेनं लेखी करार करावा. किल्ली कुणाकडे, झाडलोट कुणी करायची, दिव्याचं बिल कुणी भरायचं, काच फुटली तर कुणी द्यायची, हे चार प्रश्न करारात सुटले पाहिजेत. तोंडी परवानगीवर चाललेली व्यवस्था पहिल्या फुटलेल्या काचेला बंद पडते.

नदी आणि डोंगर

बिंदुसरा नदी बीडच्या मधून वाहते. जुलै १९८९ मध्ये तिला आलेल्या पुरानं वस्त्याच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या, हे जुन्या बीडकरांना सांगायला नको. नदीकाठाच्या प्रत्येक योजनेआधी पूररेषेचा नकाशा पाहावा. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदी आणि निळी रेषा यांमधल्या पट्ट्यात पक्कं बांधकाम चालत नाही, पण मैदान, बाग, चालायची वाट चालते. शहराला मोकळी जागा हवी आहे आणि नदीला मोकळा काठ हवा आहे, दोघांची गरज एकाच पट्ट्यात भागते. कबड्डी-खो-खोच्या मैदानावरून पूर गेला तर गाळ काढून दुसऱ्या आठवड्यात खेळ सुरू होतो.

घोळ होतो तो “सुशोभीकरण” या शब्दापाशी. काँक्रीटच्या संरक्षक भिंती, त्यावर फरशा, रेलिंग. पात्र अरुंद होतं आणि पुढच्या पुराचं पाणी शेजारच्या गल्लीत शिरतं. शिवाय जोपर्यंत सांडपाणी नदीत पडतंय तोपर्यंत काठावर चालायला कुणी येणार नाही. आधी नाले अडवा, मग वाट करा.

डोंगराच्या बाजूला पालवण गाव आहे. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारानं तिथं सह्याद्री देवराई उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पहिलं वृक्षसंमेलन भरलं. त्याचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं होतं. साहित्य संमेलनवाल्यांनी याचा विचार करायला हरकत नाही. शहरापासून जवळ असलेल्या वनजमिनीवर झाडं लावून तिथं लोकांना फिरू देणं, हे बीडच्या हवामानाला शोभणारं उद्यान आहे. खंडोबाची टेकडी, दीपमाळा, कंकालेश्वराचं पाण्यातलं देऊळ, शहराबाहेरची सोळाव्या शतकातली खजाना विहीर, ही ठिकाणं लोकांच्या पायाखालची आहेतच. तिथं नवं काही बांधायची गरज नाही. पोचायला चालण्याजोगी वाट, पिण्याचं पाणी आणि शौचालय दिलं तर पुरे.

सावली, माती, पाणी

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. बीडच्या उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायला दिवसाला पाच मिलिमीटर धरले, तरी एकरभर लॉनला रोज वीस हजार लिटर लागतात. दहा हजार लिटरचे दोन टँकर. ज्या शहरात उन्हाळ्यात लोक नळाच्या पाळीची वाट बघत बसतात तिथं याला काय म्हणायचं ते वाचकांनीच ठरवावं. लॉन नको. कडुनिंब, वड, पिंपळ, चिंच, करंज, बहावा लावा. माणसापेक्षा उंच रोपं घ्या, जून-जुलैत लावा आणि तीन उन्हाळे पाणी द्यायची सोय आधी करून मगच खड्डे खोदा. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी झाडांना आणता आलं तर उत्तमच. गुलमोहर दिसायला देखणा, पण वाऱ्यात फांद्या मोडतात, मुलं खेळतात तिथं तो नको.

आपल्या काळ्या मातीचं मैदान पावसात चिखल होतं आणि उन्हात भेगाळतं. वरचा थर काढून मुरूम टाकावा, पाणी मारून रोलर फिरवावा आणि मधून कडेला हलका उतार द्यावा. भरतीवाल्यांसाठी सिंथेटिक ट्रॅकची वाट बघत बसू नका. तो चार एकरांहून जास्त जागा आणि कोट्यवधी रुपये मागतो. १२० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद मैदानाच्या कडेनं एक फेरी ४०० मीटरची होते, चार फेऱ्यांत १६००. अडीच एकरांत बसतं. कोपरे गोल केले की अंतर थोडं घटतं, तेवढी लांबी वाढवायची. कडेला शंभर मीटरची सरळ पट्टी आणि एका कोपऱ्यात गोळाफेकीचं वर्तुळ. शहराच्या चार दिशांना अशी चार मैदानं झाली आणि पहाटे साडेचारला त्यांची फाटकं उघडली, तर हायवेवरचे पाय आपोआप तिकडे वळतील.

लहान ओपन स्पेसमध्ये काय करायचं? खो-खोचं मैदान २७ मीटर बाय १६ मीटर, कबड्डीचं १३ बाय १०. दहा गुंठ्यांत दोन्ही बसून कडेनं झाडांची रांग आणि बाक होतात. चार गुंठे असतील तर कबड्डी आणि लहान मुलांचा वाळूचा हौद. क्रिकेटला ते पुरत नाही. पुरवायला गेलात तर शेजारच्यांच्या खिडक्या फुटतात आणि पहिल्यांदा लहान मुलांना हाकललं जातं.

व्हिएन्नात १९९० च्या दशकात बागांची पाहणी झाली तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेत दिसेनाशा होतात असं आढळलं. मोठं मैदान मोठी मुलं बळकावत होती. १९९९ मध्ये दोन बागांची मांडणी बदलली: एका मोठ्या मैदानाचे लहान भाग केले, वाटा वाढवल्या, मुली खेळतात त्या खेळांना जागा दिली, आणि मुली परत आल्या. बीडमध्ये हाच प्रयोग खो-खोला स्वतंत्र जागा आणि ठरलेली वेळ देऊन करता येईल. सोबत तीन गोष्टी हव्यातच. उघडं, स्वच्छ, आतून कडी लागणारं शौचालय, पूर्ण वाटेवर पडणारा उजेड, आणि दोन तरी फाटकं, म्हणजे एका फाटकावर टोळकं बसलं तर दुसरीकडून जाता येतं. फाटकाशी चहाची गाडी असू द्या, तिच्यामुळं वर्दळ राहते. गुटख्याची टपरी नको. व्हीलचेअरसाठी उतरंड एकास बारा प्रमाणात हवी, आणि ती सायकलींनी अडवलेली नको.

पैसा येतो, माणूस येत नाही

बांधायला पैसा मिळतो. केंद्राच्या अमृत २.० योजनेत हरित जागांची तरतूद आहे, जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे, राज्याची नगरोत्थान योजना आहे, आमदारांचा निधी आहे. सांभाळायला पैसा कुणी देत नाही. एक मैदान चोवीस तास राखायचं तर तीन पाळ्या आणि सुट्टीचा बदली धरून चार माणसं लागतात. ही चार माणसं अंदाजपत्रकात दिसत नसतील तर त्या बागेचं उद्घाटन करू नका. नगरसेवकांनी प्रत्येक नव्या कामाच्या ठरावातच वार्षिक देखभालीचा आकडा आणि लेखाशीर्ष मागावं. अंदाजपत्रक मार्चच्या आत ठरतं, म्हणून मागणी डिसेंबरात द्यावी लागते. एप्रिलमध्ये निवेदन देऊन फोटो काढणं हा वेगळा कार्यक्रम आहे.

एक मोह टाळावा. तासावर भाड्यानं मिळणारे क्रिकेटचे टर्फ आता सगळीकडे निघालेत. खासगी जागेत खुशाल चालावेत. पण “उत्पन्न येईल” म्हणून सार्वजनिक मैदान टर्फवाल्याला भाडेपट्ट्यानं दिलं, की ज्याच्याकडे तासाचे पैसे नाहीत तो पुन्हा रस्त्यावर. बीडमध्येच वाढलेल्या सचिन धसनं २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा काढल्या. त्याच्यामागून येणाऱ्या मुलांना खेळायला मोफत मैदान लागेल.

स्विमिंग पूल आत्ता नको. पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, दीड मीटर खोल हौदाला साडेचार लाख लिटर पाणी लागतं, आणि ते गाळत, बदलत राहावं लागतं. ओपन जिमची यंत्रं घ्यायचीच तर तेलपाण्याचा करार सोबत घ्या. नाट्यगृह, अभ्यासिका आणि वाचनालयं हा स्वतंत्र विषय आहे. इथं एवढंच, की नगर परिषदेच्या नाट्यगृहात शनिवारची एक सकाळ शाळांच्या नाटकांसाठी राखून ठेवायला नवीन निधी लागत नाही.

सुरुवात आपल्या प्रभागापासून करा. माहिती अधिकाराखाली नगर परिषदेकडे तीन गोष्टी मागा: प्रभागातल्या मंजूर लेआउटमधल्या ओपन स्पेसची यादी क्षेत्रफळासह, बाग-क्रीडांगणाच्या आरक्षणांची सद्यस्थिती, आणि १२७ कलमाखाली आलेल्या नोटिशींच्या तारखा. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, आणि उत्तर तीस दिवसांत देणं बंधनकारक आहे.